गंज निघाल्यावर



एका घरी पडवीत लहानसे वर्कशॉप करायचे होते, म्हणून त्या कुटुंबाबरोबर आम्ही मुंबईच्या चोरबाजारातून जुना व्हाइस आणला. घेण्याआधी स्क्रू शेवटपर्यंत फिरवला, रंगाखाली तडा झाकलेला नाही ना, हे पाहिले. बिडाचा तडा सांधणे अवघड. वरवरचा गंज मात्र निघतो.

सुटे भाग साबणाने धुऊन आम्ही रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले. सकाळी तारेच्या ब्रशने घासले, सोड्याच्या पाण्यातून काढून पुसले. लोखंड चकाकले! त्या आनंदात आम्ही जेवायला गेलो. तेल लावायचे राहिले. संध्याकाळी पाहतो तो पुन्हा तांबूस थर. नुकतेच स्वच्छ झालेले उघडे लोखंडच दमट हवेत लवकर गंजते.

पापनिवेदन करून आलेल्या माणसाचेही असेच नाही का? उधळ्या पुत्राला पित्याने नुसती क्षमा केली नाही. लगेच झगा, अंगठी, जोडे दिले, पंगत मांडली (लूक 15). थोरला भाऊ मात्र बाहेरच उभा राहिला.

व्यसन सोडून परतलेला तरुण मिस्साला शेवटच्या बाकावर एकटा बसतो. ‘बघू, किती दिवस टिकतो,’ असे आपण म्हणतो. उद्या तो घसरला, तर दोष एकट्या लोखंडाचा का? आज मिस्सानंतर आपण त्याच्याजवळ जाऊ या, त्याला घरी जेवायला बोलावू या. तेलाचा हात आजच फिरला पाहिजे.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.

– आपले धर्मगुरू