खालच्या मजल्यावरून

मागचे चार महिने मी स्पीकरच्या दोन जोड्यांमध्ये अडकलो होतो. तुम्ही हा लेख बहुतेक इअरबड्स कानात घालूनच वाचत असाल, त्यामुळे आधी थोडी ओळख. दोन्ही जोड्या फ्लोअरस्टँडिंग, म्हणजे टेबलावर न ठेवता थेट जमिनीवर उभ्या राहणाऱ्या. पहिली सडपातळ: प्रत्येक स्पीकरमध्ये साडेपाच इंची दोन वूफर, खाली साधारण 48 हर्ट्झपर्यंत उतरणारी, किंमत 95 हजार. दुसरी आडव्या अंगाची: आठ इंची दोन वूफर, 32 हर्ट्झपर्यंत उतरणारी, किंमत 1 लाख 65 हजार. मी सॉफ्टवेअरवाला. साहजिकच एक्सेल शीट झाली. चौदा कॉलम होते. पंधरावा असायला हवा होता हे फार उशिरा कळलं.

निवड प्रामाणिक व्हावी म्हणून मी बरीच काळजी घेतली होती. स्पीकर आपण कानांइतकेच डोळ्यांनीही ऐकतो. 1994 साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या हारमन कंपनीतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात कंपनीच्याच कर्मचाऱ्यांनी तेच स्पीकर एकदा समोर बघत ऐकले आणि एकदा पडद्याआड. बघत ऐकताना मोठ्या, देखण्या, महागड्या स्पीकरना भरभरून गुण मिळाले. पडदा आल्यावर तो फरक आकसला. शिवाय दोनपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तोच आपल्याला 'चांगला' वाटतो, हा आणखी एक सापळा.

म्हणून मी एका मित्राला दुकानात बरोबर नेलं. त्याने दोन्ही जोड्यांचा आवाज मीटरने सारखा केला, मी डोळ्यांवर रुमाल बांधला आणि त्याने कुठली जोडी वाजतेय ते न सांगता दोन तास गाणी लावली. झाकीर हुसेन यांचा तबला, रहमान, डाफ्ट पंकचा 2013चा 'रँडम ॲक्सेस मेमरीज'. निकाल स्वच्छ होता. दहापैकी आठ वेळा मी मोठी जोडी निवडली. डग्ग्यावर तळहात घासत नेला की जो घुमारा उठतो, तो लहान जोडीत ऐकू येत होता. मोठीत तो पोटात जाणवत होता.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून 'शेवटी काय, दोन्ही सारखेच' असा अर्थ कुणी काढू नये. मोठी जोडी खरंच जास्त चांगली होती.

दुकानदाराने डिपॉझिट ठेवून घेतलं आणि ती आठवडाभर घरी वाजवून बघायला दिली. टेम्पोतून खोकी उतरवायला आमच्याच बी विंगमधला एक मुलगा मदतीला आला. तो चौकातल्या गणपती मंडळाचा कार्यकर्ता. आदल्या वर्षी मिरवणुकीतल्या डीजेविरुद्ध सोसायटीने पत्र दिलं होतं आणि त्यावर माझी सही होती, हे त्याला माहीत होतं. खोकी उघडल्यावर तो हॉलमध्ये उभा राहून स्पीकरकडे बघत म्हणाला, "दादा, ही पण भिंतच की!"

"अरे, ही घरात वाजणार," मी म्हणालो.

तो नुसताच हसला.

*

आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या ताई नर्स आहेत. महिन्यातले बरेच दिवस नाइट ड्यूटी. सकाळी साडेआठला घरी येतात आणि दुपारी तीनपर्यंत झोपतात. हे सगळं मला नंतर कळलं. तीन वर्षं आम्ही एकमेकांच्या वर-खाली राहत होतो आणि आमची ओळख लिफ्टमधल्या मान हलवण्यापलीकडे गेली नव्हती. स्पीकर आल्याच्या चौथ्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांनीच विचारलं, "तुम्ही रोज दुपारी कसली चटणी कुटता हो?"

"चटणी?"

"बारा-एकच्या सुमाराला धप्प धप्प चालू असतं. मला वाटलं, गावाकडून आजी आल्यात आणि खलबत्ता घेऊन बसल्यात."

त्या हसत होत्या, पण डोळे सुजलेले होते. मी वर्क फ्रॉम होम करतो. बारा-एक म्हणजे मीटिंगांमधली माझी मोकळी वेळ.

मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे येऊन एकदा ऐकू का? त्या हो म्हणाल्या. वर नेहमीच्या आवाजात गाणं लावून मी खाली गेलो आणि त्यांच्या बेडरूममध्ये पंखा बंद करून उभा राहिलो. पडदे ओढलेले, उशीशेजारी फोनचा चार्जर. गाणं नव्हतं. चाल नव्हती, शब्द नव्हते, तबल्यावरची बोटं नव्हती. एक ठोका यायचा, मग काहीच नाही, मग लागोपाठ दोन. ते गाणं मी शेकडो वेळा ऐकलंय, तरी आत्ता कुठला भाग चाललाय ते मला ओळखता येईना. पुढचा ठोका कधी येईल याची वाट बघण्यातच सगळं लक्ष जात होतं. अशा खोलीत झोप कशी लागेल?

यामागचं भौतिकशास्त्र सोपं आहे. 40 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटर असते. भिंत किंवा स्लॅब वरच्या पट्टीतले आवाज चांगले अडवते, पण वारंवारता निम्मी झाली की ही अडवण्याची ताकद ढोबळमानाने 6 डेसिबलने घटते. म्हणजे स्लॅब ही एक प्रकारची गाळणी आहे. त्यात माझा हॉल 14 फूट लांब. एवढ्या लांबीची खोली 40 हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते. गाण्यातला रस माझ्या हॉलमध्ये राहत होता आणि चोथा ताईंच्या उशीपाशी पडत होता.

आता एक्सेल शीट पुन्हा उघडून बघा. 70 हजार जास्त मोजून मी विकत काय घेत होतो? मुख्यतः 32 ते 48 हर्ट्झचा पट्टा. नेमका तोच भाग, जो माझ्या घरात सगळ्यात कमी थांबतो. पैसे मी भरणार होतो आणि डिलिव्हरी खालच्या मजल्यावर होणार होती.

*

माझी पहिली प्रतिक्रिया फारशी उदात्त नव्हती. मी नियम शोधायला बसलो. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त चढता कामा नये. मी ताईंच्या खोलीत फोनवरच्या ॲपने मोजलं होतं: 38. मी कायद्याच्या खूपच आत होतो. क्षणभर बरंही वाटलं.

पण या हिशेबाला दोन भोकं होती आणि दोन्ही मला दिसत होती. एक, कायद्याचा दिवस ही ताईंची रात्र होती. दुसरं, ते 38 'ए-वेटेड' डेसिबल होते. ही मोजणी मंद आवाज आपल्या कानाला कसा ऐकू येतो यावर बेतलेली आहे, आणि मंद आवाजात कानाला खर्ज कमीच ऐकू येतो. त्यामुळे 40 हर्ट्झच्या आवाजातून ती सुमारे 35 डेसिबल वजा करूनच आकडा दाखवते. ज्या ठोक्याने ताईंची झोप मोडत होती, तो माझ्या मीटरला जवळजवळ ऐकूच येत नव्हता. मीटर खोटं बोलत नव्हतं. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो, कारण त्याचं उत्तर मला सोयीचं होतं.

इंजिनिअरिंगला आम्हाला तत्त्वज्ञान नव्हतं. इमॅन्युएल कांट मला भेटला तो रात्री अडीच वाजता, शेजारी आणि आवाज याबद्दल काहीबाही शोधताना. 1790च्या एका ग्रंथात तो संगीतावर चक्क असभ्यपणाचा ठपका ठेवतो. आशय असा की चित्र नको असेल तर नजर फिरवता येते, पण संगीत शेजाऱ्यांच्या अंगावर येतं. खिशातून अत्तराचा रुमाल काढणाऱ्या माणसामुळे आजूबाजूच्या सगळ्यांना तो वास घ्यावाच लागतो, तसं. या मताला घरचा अनुभव होता. त्याच्या घराजवळच्या तुरुंगातले कैदी मोठमोठ्याने भक्तिगीतं म्हणायचे. 1784 साली कांटने शहराच्या महापौराला, म्हणजे आपल्या हिप्पेल या मित्राला, पत्र लिहून विनंती केली की त्यांना खिडक्या लावून हळू गायला सांगा.

पहिल्या वाचनात मी पूर्णपणे कांटच्या बाजूने होतो. दुसऱ्यांदा वाचताना अडखळलो. एकीकडे नामवंत प्राध्यापक, महापौर ज्याचा मित्र. दुसरीकडे कैदी, ज्यांच्याजवळ गळ्याशिवाय फारसं काही नव्हतं. आवाज करणारा दांडगा आणि शांतता मागणारा बिचारा, असंच दर वेळी असतं असं नाही. डीजेविरुद्धच्या पत्रावर सही करताना मी स्वतःला बिचाऱ्यांत धरलं होतं. खरं तर मी त्या रात्री सरळ मित्राकडे बाणेरला झोपायला गेलो होतो. मला जाता येत होतं. आमच्याच इमारतीतले अंथरुणाला खिळलेले आजोबा जाऊ शकत नव्हते. पत्र त्यांच्यासाठी बरोबरच होतं. नको ते ऐकायला कुणी कुणाला भाग पाडू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली स्पष्ट केलंय. पण त्या पत्रातला सात्त्विक संताप मी उसना घेतलेला होता.

मग ताईंच्या बाबतीत मी कोण? कांट तर नाहीच. पण कैदीही नाही. माझ्याकडे हेडफोन होते, वेळ बदलायची मुभा होती, स्पीकर परत करायची सोय होती. त्यांच्याकडे एकच बेडरूम होती आणि हॉस्पिटलने ठरवलेल्या वेळा. मला वाटतं, डेसिबलच्या आधी विचारायचा प्रश्न हा आहे: दोघांपैकी कोणाला सरकायला जास्त जागा आहे? ज्याला आहे, त्याने आधी सरकावं. हक्क कोणाचा यावर आम्ही वर्षभर वाद घालू शकलो असतो. जागा कोणाला आहे हे खाली जाऊन पाच मिनिटांत दिसलं.

*

मित्र म्हणाला, "एवढं कशाला? हेडफोन घाल की. प्रश्नच मिटला."

त्याचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तरी मला ते पटलं नाही, आणि का ते शोधताना मला मिरज आठवली. आजीच्या वाड्यात सकाळी शेजारच्या काकांचा रेडिओ लागायचा, सांगली आकाशवाणी. त्याचा स्पीकर तळहाताएवढा, बेस नावालाच. पण उघड्या दारांतून शब्द आणि चाल नीट पोचायची. आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, जरा मोठा करा," आणि माझी परीक्षा असली की, "आज बंद ठेवा हो." तिथे रसच वाटला जात होता आणि नको असेल तर तसं सांगता येत होतं. अर्थात आजी वाड्यात वयाने मोठी. नव्याने आलेल्या सुनेला तसं ओरडता आलं असतं का, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

हेडफोन घातले की खालच्या मजल्यावर कोण राहतं हे कळण्याची गरजच उरत नाही. तीन वर्षं माझ्या कानात हेडफोन होते आणि तीन वर्षं ताई माझ्यासाठी 'लिफ्टमधल्या बाई' होत्या. मी त्यांना काही त्रास देत नव्हतो, हे खरं. पण त्यात चांगुलपणा होता असं म्हणवत नाही. मला त्या दिसतच नव्हत्या. स्पीकर आले, त्रास झाला आणि मगच मला विचारावं लागलं: तुम्ही झोपता कधी?

*

मोठी जोडी मी परत केली. लहान घेतली. तिच्या मागच्या पोर्टमध्ये स्पंजचे बूच बसवले, खाली टोकदार स्पाइकऐवजी रबराचे पाय लावले, सोफा मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे ओढला, कारण भिंतीलगत खर्ज फुगतो आणि अंदाज चुकतो. मग पुन्हा खाली जाऊन ऐकलं. कान देऊन ऐकलं तर किंचित काहीतरी होतं. ताई म्हणाल्या, "आता चटणी नाही, फार तर लसूण ठेचताय." त्या दर महिन्याला ड्यूटीचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर पाठवतात. नाइटच्या दिवसांत माझी मोकळी वेळ आता संध्याकाळी असते.

तो पोटातला घुमारा गेला तो गेलाच. कधीकधी त्याची आठवण येते आणि तेव्हा चांगलं काहीतरी केल्याचं समाधान वगैरे वाटत नाही, फक्त चुकल्यासारखं होतं. शिवाय मी हे सगळं ताईंना ओळखायला लागल्यामुळे केलं, की ते तसंच योग्य होतं म्हणून केलं, याची मला खात्री नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये मागच्या महिन्यात नवे भाडेकरू आलेत. त्यांचं दार मी अजून वाजवलेलं नाही.

यंदाही डीजेविरुद्धचं पत्र फिरतंय. सही करण्याआधी मी मंडळाच्या त्या मुलाला गाठलं आणि त्याला चटणीची गोष्ट सांगितली. म्हटलं, "मिरवणुकीच्या दिवशी दहा मिनिटं आजोबांच्या खोलीत येऊन उभा राहशील? आतून कसं ऐकू येतं ते बघ फक्त."

त्याने जरा विचार केला. म्हणाला, "येतो. पण मग तुम्ही पण दहा मिनिटं खाली या दादा. भिंतीसमोर नाचून बघा."

मी हो म्हटलंय.