शिवाच्या वरातीत कोण कोण होतं?

हिमालयाच्या घरी लग्नघाई चालली होती. नवरदेवाची वरात पाहायला पार्वतीची आई मेना नारदाला घेऊन गच्चीत उभी राहिली. आधी गंधर्व आले, मग एकेक देव येऊ लागले. प्रत्येक देखण्या पाहुण्याकडे बोट दाखवून ती विचारी, "हाच का आपला जावई?" मागोमाग शिवाचे गण आले. कुणाला तोंडच नव्हतं, तर कुणाला अनेक तोंडं होती. कुणाला हात नव्हते, कुणाला पाय नव्हते. कुणी बुटका, कुणी वाकडातिकडा. आणि या सगळ्यांच्या मधोमध नवरदेव. मेना बेशुद्ध पडली.

शिवपुराणातला हा प्रसंग कीर्तनात हमखास हशा पिकवतो. हसू ओसरलं की त्यातली एक साधी बाब लक्षात येते. "लोक काय म्हणतील, तू आज घरीच थांब," असं शिवानं आपल्या एकाही गणाला सांगितलं नव्हतं.

महाशिवरात्र ही त्याच लग्नाची रात्र, असं अनेक भाविक मानतात. त्या दिवशी मध्य रेल्वेच्या लोकल अंबरनाथला रिकाम्या होतात. उल्हासनगर, बदलापूर, कल्याणकडून आलेली माणसं पूर्वेला वालधुनी नदीच्या काठावरच्या शिवमंदिराकडे चालू लागतात. जत्रेत खेळण्यांची दुकानं लागतात, बेलाचे ढीग पडतात आणि दर्शनाची रांग दूरवर जाते. लोकलला दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो, त्यामुळे कुबडी घेतलेला माणूस स्टेशनपर्यंत येऊ शकतो. पुढे रिक्षा त्याला मंदिराच्या आवाराशी सोडते. तिथून पुढचा प्रवास मात्र दगडाशी आहे.

हे मंदिर शिलाहारांचं आहे. चित्तराजाच्या काळात काम सुरू झालं आणि मुम्मुणीच्या काळात पुरं झालं, असं मानलं जातं. उत्तरेच्या दाराच्या तुळईवर शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख आहे. भूमिज शैलीतली ही काळ्या दगडाची वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. मंदिराची भिंत घडीघडीनं आत-बाहेर होत जाते आणि प्रत्येक घडीवर मूर्ती आहेत. बहुतेक देवळांत देवाकडे जायला पायऱ्या चढाव्या लागतात, इथे मात्र उतराव्या लागतात. मंडपातून सुमारे 20 पायऱ्या खाली गेल्यावर गाभारा लागतो. वरचं शिखर अपुरं असल्यामुळे तिथे आकाशातून उजेड पडतो. खाली उतरणाऱ्याला ती जमिनीच्या पोटातली शांतता विसरता येत नाही. ज्याला उतरताच येत नाही, त्याच्यासाठी देऊळ मंडपातच संपतं.

यात कुणाचा दुष्टावा नाही. अकराव्या शतकातल्या स्थपतीनं खाली जाणारा गाभारा योजला, तेव्हा त्याच्या मनात कुणाला बाहेर ठेवण्याचा विचार असेल असं मानायला काही कारण नाही. पंढरपुरात चोखोबांना दाराबाहेर ठेवणारी माणसं होती, त्यामुळे त्या माणसांशी भांडता तरी येत होतं. साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात तिथे मंदिरप्रवेशासाठी उपोषण केलं, तेव्हाही समोर कुणीतरी होतं. पायरी मात्र कुणालाच 'नाही' म्हणत नाही. ती आपल्या जागी असते आणि तेवढ्यानंच एक माणूस अडतो.

अडलेल्या माणसाला परंपरेनं काय सांगितलं? पहिलं आणि सर्वांत परिचित उत्तर कर्माचं: मागच्या जन्मीचं काही असेल. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पापानं कोणतं शारीरिक वैगुण्य येतं, याची यादीच आहे. हा विचार पोथीपुरता राहिला नाही. त्याच स्मृतीच्या नवव्या अध्यायानं जन्मांध, बहिरे, मुके, पांगळे अशांना वडिलोपार्जित वाट्यातून वगळलं आणि त्यांना अन्नवस्त्र द्यावं एवढं सांगितलं. ब्रिटिश हिंदुस्थानात हा वारसाहक्काचा अडसर बराचसा दूर व्हायला 1928 चा कायदा यावा लागला. राजघराणीही यातून सुटली नाहीत. जन्मांध म्हणून धृतराष्ट्राचा हक्क डावलला गेला आणि महाभारताच्या भांडणाची एक मुळी तिथे रुजली. दुसऱ्या धर्मांतही हा प्रश्न जुनाच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य येशूला विचारतात, हा जन्मांध आहे तो कुणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? येशू दोन्ही शक्यता नाकारतो. पण लगेच त्याला दृष्टीही देतो.

तेच परंपरेचं दुसरं उत्तर: शरीर बरं होईल. गीतापाठाआधी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकात ईश्वरकृपेनं मुका बोलू लागतो आणि पांगळा डोंगर ओलांडतो. गोरोबांचे तुटलेले हात कीर्तनात परत येतात. अष्टावक्राची कथा तर फार बोलकी आहे. गर्भात असतानाच त्यानं वडिलांच्या पठणातली चूक दाखवली. त्यांच्या शापानं तो आठ ठिकाणी वाकडा जन्मला. जनकाच्या दरबारात त्यानं बंदी नावाच्या विद्वानाला वादात हरवलं. लोकांच्या तोंडी असलेल्या कथेत सभा त्याच्या शरीराला हसते आणि तो म्हणतो, मला वाटलं इथे ज्ञानी बसलेत, हे तर कातडं पाहणारे निघाले. इतकं तेजस्वी उत्तर दिल्यावर कथा थांबायला हरकत नव्हती. महाभारतात मात्र शेवटी वडील त्याला समंगा नदीत उतरायला सांगतात आणि त्याचे अवयव सरळ होतात. वाकडेपणासकट त्याला स्वीकारायला कथेलाही जड गेलं असावं.

वेदान्ताचं म्हणणं आणखी उंचावरचं आहे. आत्म्याला हात नाहीत, पाय नाहीत. मग अपंग कोण आणि धडधाकट कोण? विचार म्हणून हे अजोड आहे. फक्त ते बहुधा पायऱ्या सहज उतरणाऱ्याच्या तोंडून ऐकू येतं. अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज (1881–1915) तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले आणि अवघ्या 34 वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ रचून गेले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. त्या पदवीच्या मागे आणखी काही जण उभे आहेत: त्यांना ग्रंथ वाचून दाखवणारे आणि त्यांचा शब्द लिहून घेणारे. डोळे नसलेल्या ज्ञानी माणसाभोवती उसन्या डोळ्यांची एक छोटी व्यवस्था होती. ती नसती तर मधुराद्वैताचा विचार मांडणारा हा आचार्य कदाचित गावाबाहेर कुणाला ठाऊकही झाला नसता.

इथून परंपरेचं तिसरं उत्तर दिसू लागतं. त्याच्यावर प्रवचनं कमी झाली आहेत, आणि त्याची उदाहरणं मात्र शिवाच्या अंगणातच आहेत.

भृंगी हा शिवगण. त्याला फक्त शिवालाच प्रदक्षिणा घालायची होती, पार्वतीला नाही. तिच्या शापानं त्याच्या अंगातलं रक्तमांस गेलं, हाडांचा सापळा उरला आणि त्याला उभंही राहवेना. शिवानं शाप मागे घेतला नाही, भृंगीला पूर्वीसारखं धडधाकटही केलं नाही. त्यानं त्याला तिसरा पाय दिला. बदामीच्या पहिल्या लेण्यात अर्धनारीश्वराशेजारी हा सापळा हात जोडून उभा आहे, देवाच्या अगदी लगत. दुसरा अरुण. विनतेनं उतावीळपणानं अंडं वेळेआधी फोडलं, म्हणून तो मांड्यांवाचून जन्मला. 'अनूरू' हे त्याचं नाव त्यावरूनच पडलं. त्याला सूर्याच्या रथाचं सारथ्य मिळालं, म्हणजे बसून करायचं काम. रोजची पहाट त्याच्या हाती सोपवली गेली, आणि त्यासाठी त्याला पाय फुटण्याची कुणी वाट पाहिली नाही.

आणि तिसरा आपला मराठी मुलखातला कूर्मदास. पैठणच्या या भक्ताला हातपाय नव्हते. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकून तो पोटावर सरपटत वारीला निघाला. माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत पोचला, तोवर अंग सोलवटून निघालं होतं आणि एकादशी तोंडावर आली होती. त्यानं पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ विठ्ठलासाठी निरोप दिला. महिपतींच्या 'भक्तविजया'त विठ्ठल त्याला पाय देत नाही. तो स्वतः उठून निघतो, वाटेत सावता माळ्याच्या मळ्यात थांबतो आणि लऊळला येतो. लऊळमध्ये आजही कूर्मदासाचं मंदिर आहे.

भृंगीला आधार मिळाला, अरुणाला जमेल असं काम मिळालं, कूर्मदासासाठी देवानं जागा सोडली. तिघांपैकी कुणालाही धडधाकट केलं गेलं नाही. बदल झाला तो भोवतालात.

आजच्या कायद्याचा गाभाही हाच आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते 21 झाले. त्याच्या 29 व्या कलमात सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यांतल्या सहभागाचा हक्क आहे, म्हणजे उत्सव, नाटक, संग्रहालय आणि खेळ हे सगळं. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक करावे लागतील. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. 3 डिसेंबर 2022 ला राज्यानं दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्र केला. नगरपालिका-महापालिकांनी आपल्या निधीतला 5 टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्चायचा, असाही नियम आहे.

या पैशातून होणारे कार्यक्रम बहुतेकांनी पाहिलेले असतात. मांडव, सत्कार, रांगेत बसवलेली माणसं, तीनचाकी सायकलींचं वाटप, फोटो. सायकल लागतेच, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण दानाच्या व्यवहारात देणारा वर आणि घेणारा खाली असतो, आणि सायकल मिळालेला माणूस पुढच्या आठवड्यात गावच्या जत्रेत, गणपतीच्या मांडवात किंवा गाण्याच्या मैफिलीत दिसेल की नाही, हे त्या मांडवात कुणी विचारत नाही. अंबरनाथच्या मंदिराच्या परिसरात गेली काही वर्षं शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हल भरतो. तिथल्या प्रेक्षकांत चाकाच्या खुर्चीला जागा आहे का, निवेदकाच्या शेजारी सांकेतिक भाषेचा दुभाषा आहे का, आणि रंगमंचावर चढायला उतार आहे का, हे तीनही प्रश्न वेगवेगळे आहेत. तिसरा सर्वांत कमी विचारला जातो, कारण दिव्यांग माणूस कलाकार म्हणून येईल हे आधी गृहीत धरावं लागतं. खरं तर महाराष्ट्रात ते नवं नाही. स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' रंगमंचावर आणलं, आणि 2008 मध्ये 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिकही सुरू केलं. आनंदवनाचा 'स्वरानंदवन' वाद्यवृंद गावोगाव गाऊन आला. खेळात तर युद्धात जखमी झालेले इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1972 मध्येच हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले होते.

मंदिराच्या नियमांचं काय, हा आक्षेप येतो. चामड्याचा पट्टा, पायातलं साधन, रस्त्यावरून आलेलं चाक. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांवर विचार झालेलाही आहे. 1968 च्या सुमारास जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद सेठी यांनी जो कृत्रिम पाय घडवला, तो रबराचा आणि अनवाणी पायासारखा होता. आपला माणूस देवळाबाहेर चपला काढतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, हे लक्षात घेऊन त्याची रचना केली होती. म्हणजे इथे देवळाचा रिवाज अडथळा ठरला नाही, त्याच्यामुळेच जयपूर फूटला त्याचा आकार आला. इस्लामी परंपरेतही आपल्या आजारी पत्नी उम्मे सलमांना वाहनावर बसून काबेची प्रदक्षिणा करायला पैगंबरांनी सांगितलं होतं. मक्केत आज चाकाच्या खुर्च्यांसाठी वेगळा मार्ग आहे.

अंबरनाथच्या 20 पायऱ्या फोडाव्यात असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. संरक्षित स्मारकाभोवतीच्या 100 मीटरमध्ये नव्या बांधकामाला कायद्यानं बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण आवारातून मंडपापर्यंत सुटा, उचलून ठेवता येणारा लाकडी उतार बसवायला दगडाला खिळा मारावा लागत नाही. 1868 च्या सुमारास मुंबईच्या कलाशाळेनं याच मंदिराची रेखाचित्रं काढली होती, शिल्पांचे साचे घेतले होते. तसे साचे आज पुन्हा घेतले, तर मूळ मूर्तीला हात न लावता अंध माणसाला ती बोटांनी वाचता येईल. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयानं 2015 मध्ये 'अनुभव' नावाचं असं स्पर्शदालन उघडलं आहे.

गाभाऱ्याचा प्रश्न तरीही उरतो. मंडपातून घेतलेलं दर्शन पुरं की अर्धं? पंढरीच्या रिवाजात मुखदर्शन आहे, कळसदर्शनही आहे, आणि वारकरी त्याला कमी लेखत नाहीत. मात्र ज्याला पदस्पर्शाची रांग खुली आहे त्यानं कळस पाहून परतणं वेगळं, आणि ज्याला कळसाखेरीज काही मिळूच शकत नाही त्याला "तेवढं पुरे" असं दुसऱ्यानं सांगणं वेगळं. आपल्या देवळांकडे यावरही एक जुना तोडगा आहे. पालखीतून उत्सवमूर्ती बाहेर पडते, गल्लीबोळांतून फिरते, उंबऱ्यापर्यंत येते. शिवरात्रीला खालचं तीर्थ आणि बेल वर मंडपात आणून एखादा तास फक्त खुर्चीवरून, कुबडीवरून, कुणाच्या खांद्यावर हात ठेवून आलेल्यांसाठी राखला, तर त्यात शास्त्राला बाधा येईल असं काही दिसत नाही. फार तर एका भटजींना 20 पायऱ्या काही वेळा जास्त चढाव्या-उतराव्या लागतील.