समोच्चार, श्लेष आणि 'अशुद्ध' बोली

समोच्चारित शब्दांचा विचार सामान्यतः कोशकाराच्या कक्षेतला मानला जातो. एका ध्वनिरूपात दोन अर्थ वसत असतील तर शब्द एक मानावा की दोन, एवढाच तेथे प्रश्न असतो. परंतु हे अर्थ प्रमाणभाषा आणि बोली यांत विभागलेले असतात, तेव्हा त्या प्रश्नाला नैतिक परिमाण प्राप्त होते.

सिंधुदुर्गातील मालवणीत 'माका' म्हणजे मला, 'तुका' म्हणजे तुला आणि 'झील' म्हणजे मुलगा. प्रमाण मराठीच्या वाचकाला मात्र 'माका' ठाऊक असतो तो केसांच्या तेलात पडणारी वनस्पती म्हणून, 'तुका' अभंगातील नाममुद्रा म्हणून, आणि 'झील' पोवाड्यात साथीदारांनी धरलेला सूर म्हणून. 'माका', 'तुका' ही 'मला', 'तुला' यांची बिघडलेली रूपेही नव्हेत. प्रमाण मराठीत जेथे 'ला' प्रत्यय येतो तेथे मालवणीत 'क' येतो: घराक, झिलाक. ही रूपे नियमानेच सिद्ध होतात.

संस्कृत काव्यशास्त्राने श्लेषाच्या विवेचनात अर्थ भिन्न तेथे शब्दही भिन्न, अशी भूमिका घेतली. मम्मटाची शब्दश्लेषाची मांडणी तिच्यावरच उभी आहे. मोरोपंतांच्या यमकात तीच अक्षरे पुन्हा आली की रसिक दुसरा अर्थ शोधतो. मालवणच्या विद्यार्थ्याच्या निबंधात 'तुका' आले की तोच रसिक चूक शोधतो. येथे सिद्धान्त बदललेला नसतो; बदललेली असते ती बोलणाऱ्याची प्रतिष्ठा.

दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने (१९३२-३८) प्रादेशिक शब्दांना स्थान दिले, हे त्याचे थोर कार्य होय. तथापि अशा शब्दांपुढे प्रदेशदर्शक खूण येते; पुणेरी शिष्टभाषेतील शब्दाला ती लागत नाही, जणू त्याला प्रदेशच नाही. १९८० मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने मालवणीला महाराष्ट्रभर प्रेम मिळवून दिले. परंतु ही विनोदाचीच भाषा, हा समजही त्या प्रेमाबरोबर दृढ झाला.

उत्तरपत्रिकेत प्रमाणरूपाची अपेक्षा ठेवणे गैर नाही. पण 'हा शब्द दुसऱ्या व्यवस्थेतला आहे' असे सांगणे निराळे आणि 'हा शब्द चुकीचा आहे' असे ठरवणे निराळे. पहिल्यात भाषेची निवड शिकवली जाते. दुसऱ्यात मुलाला त्याच्या घराची लाज वाटायला शिकवले जाते. शब्दाचा अर्थ त्याच्याच व्यवस्थेत शोधावा, हे समीक्षेचे प्राथमिक कर्तव्य. अपरिचित संहितेला सहज मिळणारा हा न्याय शेजारच्या बोलीला नाकारला गेला, तर त्याला केवळ अज्ञान म्हणता येत नाही.