तंबू सरकत गेला

शास्त्रभाग : उत्पत्ती १३:१०-१३, १९:१-१६



लोट एका दिवसात सदोमकर झाला नाही. १३व्या अध्यायात त्याने फक्त नजर वर करून यार्देनेकाठची हिरवीगार जमीन पाहिली. गुरंढोरं होती, चारा-पाणी हवं होतं. यात पाप काय? मग तंबू सरकत सरकत सदोमाजवळ आला. १४व्या अध्यायात तो त्या गावातच राहतोय. राजांनी त्याला धरून नेलं, अब्रामाने सोडवून आणलं, तरी हा परत तिथेच! आणि १९व्या अध्यायात तो वेशीत बसलेला दिसतो. त्या काळी वेशीत गावचे वडीलधारे बसायचे, न्यायनिवाडे तिथेच व्हायचे. मधल्या दिवसांबद्दल शास्त्र काहीच सांगत नाही. रोजच्यासारखेच दिवस असतील.

हा भाग मी कितीदा वाचलाय. या आठवड्यात मात्र त्यात माझाच तंबू दिसला.

कंपनीच्या बसमध्ये आमच्या मागच्या सीटवर रोज टिंगल चालते. एका वॉचमनकाकांना कमी ऐकू येतं, त्यांची नक्कल ठरलेली. सुरुवातीला मी खिडकीबाहेर बघायचो. नंतर हसू यायला लागलं. (हसलं नाही तर माणूस एकटा पडतो, हेही खरं.) आपलं काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही. मंडळीत जातो, दशांश देतो, रोज वचन वाचतो.

रविवारी जेवताना पप्पांनी एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली. त्यांनाही हल्ली कमी ऐकू येतं. आणि माझ्या तोंडून बसमधलाच आवाज निघाला. तीच नक्कल. मुलं खो-खो हसली. पप्पाही थोडं हसले, मग ताटाकडे बघत जेवत राहिले. पुन्हा काही विचारलं नाही त्यांनी.

रात्री कौटुंबिक प्रार्थनेला मी वचन वाचायला घेतलं, तर धाकटा तोंडावर हात ठेवून हसू दाबत होता. त्याला वाटलं, मी आताही नक्कलच करतोय.

१९व्या अध्यायाचं १४वं वचन तेव्हा काळजात घुसलं. नगराचा नाश होणार, निघा, असं लोट जावयांना सांगायला गेला आणि त्यांना वाटलं, सासरा थट्टा करतोय! पेत्र आपल्या दुसऱ्या पत्रात लिहितो की लोट नीतिमान होता, तिथलं बघून त्याचा जीव रोज तळमळायचा. तळमळ आत होती हो, पण घरच्यांपुढे त्याच्या शब्दाला वजन उरलं नव्हतं.

तरीही १६वं वचन आहे. लोट रेंगाळला, तेव्हा त्या दूतांनी त्याला हाताला धरून बाहेर काढलं, कारण परमेश्वराला त्याची दया आली. तो स्वतःच्या पायांनी निघालाच नसता.

बस मला सोडता येणार नाही, नोकरी आहे. सीट बदलता येईल. उद्यापासून ड्रायव्हरच्या मागे. पप्पांची क्षमा मात्र अजून मागितलेली नाही, आणि ती मुलांसमोरच मागायला हवी. हसली तीच होती. पप्पा आत्ता गॅलरीत बसलेत. हे लिहून झालं की मुलांना घेऊन जातो.

प्रार्थना : प्रभू, मी रेंगाळतोय. माझा हात धर. येशूच्या नावाने मागतो, आमेन.