धर्मावेश आणि आपला प्रपंच



येत्या बुधवारी आपल्या कपाळावर राख लावली जाईल आणि प्रायश्चित्तकाळ सुरू होईल. हा काळ जवळ आला की आपल्या घराघरांतून एक जुनाच वाद डोके वर काढतो. घरातला एखादा जण साधनेला जाऊन आलेला असतो. त्याला सगळे घर एका आठवड्यात बदलायचे असते: टीव्ही बंद, लग्नाचे जेवण बंद, रोज दोन तास प्रार्थना. बाकीचे म्हणतात, आम्ही काय ख्रिस्ती नाही? मग कोणी रुसतो, कोणी उगाच अपराधी होऊन बसतो. हा वाद फार जुना आहे. इटलीतील फ्लॉरेन्स शहरात तो एकदा भर चौकात पेटला होता. आज त्याविषयी बोलू या.

फादर जिरोलामो सावोनारोला (१४५२-१४९८) हे डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू, त्या शहरातील संत मार्क मठाचे प्रमुख. त्यांच्या प्रवचनांना कॅथेड्रलमध्ये माणसांची दाटी होई. ७ फेब्रुवारी १४९७ हा राखेच्या बुधवारच्या आदला दिवस, म्हणजे कार्निव्हलचा शेवटचा दिवस. त्या दिवशी त्यांच्या शिकवणीनुसार शहराच्या मुख्य चौकात मुखवटे, पत्ते, फासे, आरसे, केसांचे टोप, अत्तरे, वाद्ये, पुस्तके आणि चित्रे यांचा मोठा ढीग रचून पेटवण्यात आला. भोवती स्तोत्रे गायली जात होती.

त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण आधी त्यांचे जे योग्य होते ते मान्य केले पाहिजे. गरिबांच्या बाजूने ते निर्भयपणे बोलत. १४९४ साली मेदिची घराण्याची सत्ता गेली, तेव्हा त्यांनी लोकांना सूड घेऊ दिला नाही, समेट करायला लावला. गोरगरिबांना कमी व्याजाने कर्ज मिळावे म्हणून १४९६ साली तेथे जी पेढी निघाली तिला त्यांचा पाठिंबा होता. कार्निव्हलमध्ये शहरातील मुले वाटसरूंकडून पैसे उकळायची, दगडफेक करायची. त्याच मुलांना त्यांनी मिरवणुकीने गाणी गात गरिबांसाठी भिक्षा मागायला शिकवले. आणि त्या वेळचे पोप सहावे अलेक्झांडर यांचे आचरण लज्जास्पद होते, ही गोष्ट ख्रिस्तसभाही नाकारीत नाही. प्रवचन सुरू झाले की बाहेर जाऊन मोटारसायकलीला टेकून उभे राहणारे आपल्यातले काही जण फादर सावोनारोलांच्या नजरेस पडले असते, तर त्यांना चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते, आणि ते त्यांना पचवावेही लागले असते.

मग चुकले कोठे? आपल्याला वाटते, चुकले ते दारात. ज्या मुलांना भिक्षा मागायला शिकवले, तीच पुढे घरोघरी जाऊन चैनीच्या वस्तू मागू लागली. रस्त्यात भपकेबाज पोशाखातील स्त्रिया दिसल्या की त्यांना हटकू लागली. बाई एकटी देवासमोर बसून, मन हेलावून आपला आरसा टाकून देते तेव्हा तो त्याग असतो. दारात दहा मुले उभी आहेत, शेजारी पाहत आहेत, म्हणून ती आरसा देते तेव्हा तिला बहुधा फक्त लाज टाळायची असते. बुधवारच्या शुभवर्तमानात (मत्तय ६) प्रभू येशू दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टी गुप्तपणे करायला सांगतो, दार लावून घ्यायला सांगतो. त्या चौकात दार लावायला जागाच नव्हती.

दुसरी गोष्ट मुलांची. दुसऱ्याच्या पापाची झडती घ्यायला शिकलेले मूल स्वतःच्या मनाची झडती कधी घेणार? शोमरोनातील गावाने प्रभूला जागा दिली नाही तेव्हा याकोब आणि योहान स्वर्गातून अग्नी पाडायला निघाले होते (लूक ९). त्यांचा आवेश खराच होता. तरी प्रभू त्या गावावर न रागावता त्यांनाच रागावला.

फादर सावोनारोलांना पुढे बहिष्कृत करण्यात आले. त्यांनी आज्ञा मोडून प्रवचने चालू ठेवली. लोकही उलटले. २३ मे १४९८ रोजी, पंधरा महिन्यांनी, त्याच चौकात त्यांना दोन सहकाऱ्यांसह फाशी देऊन जाळण्यात आले. ही क्रूर शिक्षा होती. त्यांची चूक दाखवताना ती शिक्षा योग्य ठरवण्याचे आपल्याला काही कारण नाही.

त्याच फ्लॉरेन्समध्ये १५१५ साली संत फिलिप नेरी जन्मले. संत मार्क मठातील धर्मबंधूंचे ऋण ते आयुष्यभर मानीत. पण रोममध्ये कार्निव्हल आला की ते लोकांना घेऊन सात चर्चची पायी यात्रा काढीत. वाटेत मिस्सा, गाणी आणि मग एका बागेत बसून पाव, अंडी, चीज, थोडा द्राक्षारस. लोक हसतखेळत जात आणि पापनिवेदनाला रांग लावीत. १२ मार्च १६२२ रोजी त्यांना संतपद मिळाले. त्याच दिवशी संत फ्रान्सिस झेवियरबरोबर स्पेनचे इसिदोर यांनाही ते मिळाले. हे इसिदोर दुसऱ्याच्या शेतात नांगर धरणारे, बायको-मुलाचे गृहस्थ होते.

यावरून कोणी प्रायश्चित्तकाळ सैल सोडू नये. आपल्या गोव्याचे संत जोसेफ वाझ याच संत फिलिपच्या ऑरेटरी परंपरेतले. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली, लोक पळाले, तेव्हा ते रुग्णांपाशी राहिले. एवढा आवेश आपल्यात कोणाकडे आहे?

पण आपल्या धर्मग्रामात पहाटेच्या लोकलने भाजीच्या टोपल्या घेऊन दादरला जाणाऱ्या आया आहेत. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सर्व करणाऱ्या सुना आहेत. रात्रपाळी करून रविवारी डोळे चोळत मिस्साला येणारे तरुण आहेत. त्यांना रात्रभराच्या जागरणाला येता येत नाही. त्यांच्यापैकी एक भगिनी मागे म्हणाली, "आम्ही काय, नुसते नावाचे ख्रिस्ती!" ते ऐकून आम्हांला वाईट वाटले. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली लिहिलेल्या पत्रात शेजारच्या घरात राहणाऱ्या संतांचा उल्लेख केला आहे, तो अशाच माणसांना उद्देशून आहे. तिला हे कोणीतरी सांगायला हवे होते, आणि ते आमच्याकडूनच राहून गेले होते.

मंगळवारी रात्री जपमाळ झाल्यावर घरातील सर्वांनी दहा मिनिटे बसावे. या चाळीस दिवसांत आपण काय सोडणार, काय करणार हे प्रत्येकाने स्वतःपुरते ठरवावे. नवऱ्याने बायकोचे ठरवू नये, मुलांनी आईबापांचे ठरवू नये. विसरायला होत असेल तर कागदावर लिहून ठेवायला हरकत नाही, फक्त तो कागद फ्रिजवर लावू नये.