पाणी घालणाऱ्यास बोध

वाचन : १ करिंथ ३:५-९



आपला उपदेशक मोठा की दुसऱ्याचा, असा वाद करिंथ येथील मंडळीत माजला, तेव्हा पौलाने त्यांस शेताचा दाखला दिला. आपण व अपुल्लोस केवळ शेतावरचे चाकर आहो, पिकाचा धनी निराळाच आहे, असा त्याचा आशय होता. हा बोध समजून घेण्यास मोठे शेत लागत नाही. मिरचीचे एक रोप पुरे.

नागपुरात गांधीबागेच्या दाट पेठेत कापडाच्या दुकानांवर लोक राहतात. तेथे अंगण नाही. परंतु सज्जात वा गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यातही मिरची होते. डब्याच्या बुडाला भोके पाडावी. माती, थोडी वाळू व चांगले कुजलेले शेणखत कालवून भरावे. पूर्ण पिकलेल्या तांबड्या मिरचीचे बी मृगाच्या सुमारास पेरून त्यावर मातीचा पातळ थर द्यावा. आठदहा दिवसांत अंकुर दिसतो. तो दिसेपर्यंत कित्येकांस धीर धरवत नाही व ते माती उकरून पाहतात. अशाने बी उगवत नाही, नासते.

अंकुर आल्यावर दुसरा मोह पडतो. ममतेने मनुष्य घडोघडी पाणी ओततो. माती सदा चिंब राहिली म्हणजे कोवळे खोड जमिनीलगत कुजते व रोप आडवे पडते. याकरिता जाणता माळी पाच-सहा आठवड्यांचे रोप हलविण्यापूर्वी आठवडाभर पाणी तोडतो व त्यास हळूहळू उन्हाची सवय लावतो. हे निर्दयपण नव्हे. ज्या रोपास ताण सोसला, त्याचेच मूळ नव्या मातीत धरते. मग सायंकाळी एकेका डब्यात एकेक रोप लावावे.

उपदेशक बंधूंनो, येथे थांबून विचार करा. नवा विश्वासी प्रार्थना करील ती तुमच्याच तोंडून, शास्त्र वाचील ते तुम्ही वाचाल तेव्हाच, व घरची अडचण निघताच तुमच्या दाराशी येईल, तर तुमची बदली झाल्यावर त्याचे काय होईल? आणि नवविश्वासी बंधूंनो, आपल्या उपासनेचा दिवा, आपल्या आजाऱ्याची भेट, आपल्या गरिबाची मूठभर ज्वारी, हे सर्व दुसऱ्यानेच पुरवावे अशी वाट किती दिवस पाहावी?

स्टीफन हिस्लॉप साहेब १८४५ साली नागपुरास आले व १८६३ साली पुराच्या पाण्यात बुडून मृत्यू पावले. पाणी घालणारा हात एका रात्रीत नाहीसा झाला; तथापि मंडळी राहिली. कारण तिचे मूळ त्या हातात नव्हते.

कोणी म्हणेल, हा धर्म परदेशचा. मिरची तरी कोठली? अमेरिका खंडातली ती वनस्पती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर या देशी आली. आज नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची मिरची आपल्या गावाच्या नावाने ओळखली जाते व तिला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. जे येथल्या मातीत मूळ धरते व येथल्या ताटात उतरते, ते येथलेच होते.

लावणीनंतर सुमारे दोन महिन्यांनी हिरव्या मिरच्या तोडणीस येतात. वेळोवेळी तोडीत गेले म्हणजे झाड पुन्हा फुलते. झाडावरच राखून ठेविले तर नवा बहर मंदावतो. विश्वासाचेही असेच आहे. जी मंडळी थोडक्यातून देते, तिला देण्यास आणखी येते. मात्र काही फळे झाडावर तांबडी होऊ द्यावी, कारण पुढील सालचे बी त्यांतच असते. आपल्यातील वृद्ध विश्वासी ती फळे होत. त्यांजपाशी तरुणांस बसवा.

तर या आठवड्यात प्रत्येक मंडळीने एक काम, जे आजवर उपदेशकच करीत आला, ते आपल्या हाती घ्यावे. आणि उपदेशकाने ते आनंदाने सोडावे. वाढ देणारा प्रभू आपल्या सर्वांची मुळे खोल करो. आमेन.