बोजा

मुंबईत एखादी जीर्ण इमारत किंवा बंद पडलेल्या कारखान्याचे आवार पुनर्विकासासाठी हाती घ्यावयाचे ठरले, म्हणजे प्रथम वकील येतो. दुय्यम निबंधकाच्या दप्तरात तीस वर्षे मागे जाऊन तो खरेदीखते, गहाणखते, बक्षीसपत्रे आणि वाटणीपत्रे धुंडाळतो. कोणा वारसाचा हिस्सा, कोणा कुळाचा दावा किंवा कोणा पेढीचा थकलेला बोजा अजून त्या मिळकतीवर रेंगाळत आहे काय, याची खातरजमा करतो. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन चौदा दिवसांच्या आत हरकती मागवितो. आणि एवढे सोपस्कार पार पडल्यावरच हक्क निर्वेध असल्याचा दाखला आपल्या सहीनिशी देतो. त्याच्या मागोमाग अभियंता येतो आणि चार-सहा ठिकाणी बोअर घेऊन ही जमीन किती मजल्यांचा भार पेलील ते सांगतो. या दोघांच्या साक्षीवर कोट्यवधींचा व्यवहार उभा राहतो. गेल्या साठ-सत्तर वर्षांत त्या मातीत काय काय मुरले, आणि तिच्याखालच्या पाण्यात काय उतरले, हे विचारणारा तिसरा मनुष्य मात्र क्वचितच येतो. आणि आला तर त्याला अपशकुनी समजले जाते.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाची कागदपत्रे चाळण्याचा योग मध्यंतरी आला. मालकीहक्काच्या तपासाची फाईल चार बोटे जाड होती. 'माती परीक्षण' असे शीर्षक असलेला अहवाल होता अवघ्या काही पानांचा, आणि त्यात भराव किती, मुरूम कोठे लागला, कठीण पाषाण किती मीटरवर आहे आणि दर चौरस मीटरला किती टन भार चालेल, एवढेच होते. शेजारच्या भूखंडावर पूर्वी रंगाई-धुलाईचा कारखाना होता, ही गोष्ट संस्थेतल्या वृद्ध सभासदांना पाठ होती. कागदावर ती कोठेच नव्हती. सभेत मी तसे विचारले, तेव्हा एका सद्गृहस्थांनी, "काका, आपल्याला तेथे मेथी थोडीच लावायची आहे?" असे म्हणून हशा पिकविला. विनोद म्हणून तो बरा होता. त्यातला युक्तिवाद मात्र तपासून पाहण्यासारखा आहे, कारण बहुसंख्य सुशिक्षितांची समजूत तीच असते.

मातीतले विष केवळ भाजीतून पोटात जाते असे नाही. पेट्रोलमधले बेंझिन पाण्याहून हलके असते. ते भूजलाच्या पृष्ठावर तरंगत, पाण्याच्या वाहत्या दिशेने शेजाऱ्याच्या हद्दीत शिरते. यंत्रांचे तेलकट भाग धुण्यासाठी वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलीनसारखे द्राव उलट पाण्याहून जड असतात. ते भूजल भेदून खाली उतरतात, आणि आपल्या काळ्या पाषाणाच्या भेगा-सांध्यांत जाऊन बसले म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या थोडेथोडे झिरपत राहतात. या दोन्हींची वाफ होते; ती जमिनीच्या रंध्रांतून वर चढते आणि तळघराच्या फरशीतील चिरांवाटे घरात येते. तिचा वास नेहमी येतोच असे नाही. शिसे, क्रोमियम, पारा यांची वाफ होवो न होवो, धूळ खचित होते. शिवाय आजचा पुनर्विकास मातीवर नुसता बसत नाही. मोटारींसाठी दोन-तीन मजली तळघरे खणताना महिनोन्‌महिने पंप लावून पाणी उपसले जाते, त्यामुळे आसपासच्या जमिनीतले पाणी, जे काही त्यात असेल त्यासह, त्या खड्ड्याकडे ओढले जाते. आणि निघालेली माती डंपरमधून जाते ती कोठल्यातरी सखल जागेच्या भरावासाठी. म्हणजे न तपासलेल्या मातीचा उपद्रव एका चतुःसीमेत राहत नाही. तो आपण भाडे देऊन दुसऱ्याच्या दारी पोहोचवितो.

अशा तपासाची पहिली पायरी प्रयोगशाळेत नसून दप्तरखान्यात असते, ही गोष्ट मला विशेष रम्य वाटते. तपास करणारा प्रथम जुने नकाशे पाहतो, कारखान्यांचे परवाने शोधतो, निवृत्त कामगारांशी बोलतो, आवारात फिरून जमिनीवरचे डाग आणि पुरलेल्या टाक्यांची झाकणे न्याहाळतो. आणि मग कोठे खणावयाचे ते ठरवून मातीचे नमुने घेतो, निरीक्षणासाठी लहान विहिरी पाडतो आणि पाण्याची पातळी व प्रवाहाची दिशा मोजतो. पहिल्या पायरीवर आपल्या शहराने बरीच सोय करून ठेवली आहे. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून केला जाई, आणि लालबागमध्ये त्या उद्योगाची आठवण सांगणारी गॅस कंपनी लेन अद्याप आहे. रे रोडच्या किनाऱ्यावर कोळसा बंदर आहे, लाकडी बंदर आहे, आणि जेथे जहाजे तोडली जातात तो दारूखाना आहे. ही नावे ऐकून मातीला दोषी ठरविता येणार नाही. पण चौकशी कोठून सुरू करावी, हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणी सांगणार नाही.

कोळशाच्या गॅसचा विषय निघालाच आहे, तर टोकियोची हकीकत सविस्तर सांगितली पाहिजे. त्या शहराचा त्सुकिजी येथील १९३५ सालचा प्रसिद्ध मासळीबाजार जुना आणि अपुरा झाला, म्हणून तो तोयोसू येथे न्यावा असा निर्णय २००१ साली झाला. तोयोसूची जागा विस्तीर्ण होती, समुद्रालगत होती. फक्त १९५६ पासून १९८८ पर्यंत तेथे गॅसचा कारखाना होता. कोळशापासून गॅस काढताना डांबर, बेंझिन आणि सायनाइडयुक्त गाळ मागे राहतो, आणि त्यातला बराचसा भाग जमिनीत जातो. २००८ साली झालेल्या तपशीलवार तपासात मातीत बेंझिनचे प्रमाण एके ठिकाणी विहित मर्यादेच्या ४३,००० पट आढळले. सायनाइड ८६० पट. खाद्यपदार्थांच्या बाजारासाठी याहून विपरीत जागा शोधूनही सापडली नसती; परंतु निर्णय झालेला होता, आणि सरकारी निर्णय जपानातही सहसा मागे फिरत नाहीत. तेव्हा सुमारे ८,६०० कोटी येन खर्चून माती धुण्याचे, भूजल शुद्ध करण्याचे काम काढले गेले. वरचा दोन मीटरचा थर काढून तेथे स्वच्छ माती घालावयाची आणि तिच्यावर आणखी अडीच मीटर भराव टाकावयाचा, असे जनतेला सांगण्यात आले.

बाजार ७ नोव्हेंबर २०१६ रोजी उघडावयाचा होता. त्याच वर्षी निवडून आलेल्या राज्यपाल युरिको कोइके यांनी ऑगस्टच्या अखेरीस स्थलांतर लांबणीवर टाकले. आणि सप्टेंबरात असे उघडकीस आले की, मुख्य इमारतींच्या खाली तो साडेचार मीटरचा स्वच्छ भराव नव्हताच, तेथे पोकळ तळघर होते आणि त्यात पाणी साचले होते. पुढल्या जानेवारीत जाहीर झालेल्या तपासणीत भूजलातील बेंझिन मर्यादेच्या ७९ पट निघाले. तज्ज्ञ म्हणाले की, हे पाणी कोणी पिणार नाही, वर काँक्रीट आहे, सबब जागा सुरक्षित आहे. आणि शास्त्रदृष्ट्या ते बहुधा बरोबरच होते. व्यापाऱ्यांचे म्हणणे असे की, सुरक्षित असणे वेगळे आणि निर्धास्त असणे वेगळे. अखेर तळघरात काँक्रीट घालून, वायुवीजनाची सोय करून बाजार ११ ऑक्टोबर २०१८ रोजी उघडला. या प्रकरणाकडे बोट दाखवून, तपास केल्याने काम अडते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला त्यातून उलट दिसते. तपासाने तेथे काहीच अडले नव्हते. ज्या क्रमाने तो झाला त्याने अडले. जागा आधी ठरली आणि माती मागाहून पाहिली गेली, त्यामुळे मातीने जे सांगितले ते ऐकण्याची मुभा कोणालाच उरली नाही.

नुसते कागदावर लिहून ठेवल्यानेही भागत नाही, याचा दाखला न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स या गावी मिळतो. तेथल्या लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट खणलेल्या कालव्यात हूकर या रासायनिक कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१,००० टन टाकाऊ रसायने पुरली, आणि नंतर ती जमीन गावच्या शिक्षणमंडळाला एका डॉलरला विकली. खरेदीखतात पुरलेल्या रसायनांचा उल्लेख होता, आणि पुढे काही इजा झाल्यास कंपनी जबाबदार नाही असे कलमही होते. म्हणजे खरेदीदाराला ठाऊक होते. तरी तेथे शाळा उभी राहिली, भोवती घरे झाली, आणि १९७८ साली आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. त्यानंतर १९८० मध्ये अमेरिकेने केलेल्या कायद्याने शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर तर टाकलाच, पण जमिनीच्या विद्यमान मालकावरही टाकला. आणि १९८६ च्या दुरुस्तीने, खरेदीपूर्वी योग्य चौकशी करूनही ज्याला दोष कळला नाही अशा मालकाला सुटकेची वाट दिली. या एका तरतुदीने जे साधले ते शेकडो व्याख्यानांनी साधले नसते. तोवर अज्ञान ही ढाल होती. आता चौकशी न करता राहिलेले अज्ञान खर्चाचे ठरू लागले. बँका आणि वकील, ज्यांना निसर्गप्रेमाची बाधा झाल्याचे कोणी म्हणणार नाही, तेच कर्ज देण्यापूर्वी मातीचा अहवाल मागू लागले.

आपल्याकडे गिरण्यांच्या जमिनींचा वाद आठवून पाहावा. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओस पडले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या जमिनींचे मोकळी जागा, सार्वजनिक घरे आणि मालक असे तीन वाटे ठरविले. २००१ च्या दुरुस्तीने त्यातल्या पहिल्या दोन वाट्यांना कात्री लागली. आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. कामगारांच्या तोंडचा घास गेला, शहराची मोकळी जागा गेली, हे दु:ख खरेच मोठे होते, आणि त्यावर झालेला वाद योग्यच होता. पण जमीन किती मिळणार यावर एवढे रण माजले असता, मिळणारी जमीन कशी आहे हा प्रश्न चर्चेच्या केंद्राशी कधी आलाच नाही. ब्लीचिंग आणि रंगाई खाती, बॉयलर, तेलाच्या टाक्या, विजेचे रोहित्र यांच्याखाली शतकभर असलेली माती ही केवळ चौरस फूट म्हणून मोजली गेली. रंगांची रसायने भूजलात किती टिकतात, हे उदयपूरजवळच्या बिछडी गावाने दाखवून दिले आहे: तेथे रंगनिर्मितीतले एच-ॲसिड फार थोडा काळ तयार झाले, पण विहिरींचे पाणी तांबडे-काळे पडले आणि कारखाना बंद झाल्यावरही तसेच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्याच प्रकरणात भरपाईचे दायित्व प्रदूषण करणाऱ्यावर ठेवले.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले, हे पाऊल उशिरा पडले तरी स्वागतार्ह आहे. स्थानिक संस्था वा जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळे कळवावयाची, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपास करावयाचा, मग सविस्तर सर्वेक्षण, आणि खर्च जबाबदार ठरेल त्याच्याकडून वसूल करावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. माझा आक्षेप तिच्या आरंभबिंदूवर आहे. ती संशयापासून सुरू होते. आणि ज्या शहरात सगळ्यांचा स्वार्थ संशय न घेण्यात गुंतलेला आहे, तेथे संशय घेण्याची जबाबदारी अगोदरच कामाने वाकलेल्या कचेरीवर टाकणे म्हणजे ती कोणावरच न टाकणे होय. तपासाचा आरंभ व्यवहारापासून झाला पाहिजे. कारखाना, गॅरेज, पेट्रोल पंप, छापखाना, रंगशाळा किंवा भंगाराचे गुदाम ज्या जागी होते, तेथे निवासी बांधकामाची परवानगी मागतानाच मातीचा व भूजलाचा अहवाल जोडण्याची सक्ती असावी. तो अहवाल करणारा विकासकाचा आश्रित नसावा. आणि तो कोणाही शेजाऱ्याला नक्कल फी भरून मिळावा. चाळीतला रहिवासी वीस वर्षे घराची वाट पाहत असताना आणखी सहा महिने कोठून आणावयाचे, या प्रश्नाची मला जाणीव आहे. पण इमारत रिकामी होऊन पाडली जाईपर्यंत जो काळ करारमदारांत जातो, त्यातच हे काम उरकता येते. आणि जागेवर माती निर्दोष निघाली तर तेवढाच किमतीत लाभ.

आपल्या महसुली व्यवस्थेला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. सातबाऱ्यातला नमुना सात जमिनीवर कोणाचा हक्क आहे ते सांगतो, आणि नमुना बारा त्या जमिनीत कोणते पीक निघाले ते सांगतो. पीकपाहणीच्या निमित्ताने सरकार शेतकऱ्याला दरसाल विचारते की, तू या मातीचे काय केलेस? जमीन बिनशेती होऊन नगर भूमापनाखाली आली की हा प्रश्न विचारणे थांबते. मग मालमत्ता पत्रकावर क्षेत्र राहते, सत्ताप्रकार राहतो, धारकाचे नाव राहते, बँकेचा बोजा राहतो. ज्या मातीने ज्वारी पिकविली तिची नोंद तलाठ्याने ठेवली. ज्या मातीने शंभर वर्षे रंग, तेल आणि आम्ल रिचविले तिची नोंद ठेवण्यास मालमत्ता पत्रकावर आजही स्तंभ नाही.